मोफत ऑफिससाठी भरलेली सभा

आरमोरीपलीकडच्या एका गावात ग्रामसभेच्या संगणकावर मोफत, मुक्त ऑफिस सॉफ्टवेअर बसवायला मी काम करतो त्या संस्थेने मला पाठवलं होतं. तिथे सगळ्यांनी हो म्हटल्याशिवाय काहीच होत नाही, म्हणून यासाठीही सभा बसली. नकार आला तर माझं काम जाईल, ही धाकधूक होती.

"फुकट काऊन देऊन राह्यले?" एका बाईंनी विचारलं.

"पुष्कळ लोकांनी मिळून बनवलंय, सगळ्यांनी वापरावं म्हणून."

"तू किती शिकला, भाऊ?"

सांगलीहून इतक्या लांब येऊन नेमका हाच प्रश्न नको होता. "आठवीत शाळा सोडली."

"अन् तुले हे येते?"

"येतं."

"मंग आमाले काऊन नाई येनार?"

हसत हसत सभेने हो म्हटलं. मी बाईंचे आभार मानले, तर म्हणाल्या, "ते राहू दे. पयले शिकव."