हेमराजला लागलेला बोल

हेमराज गेल्याचा फोन आला तेव्हा मी बारावीच्या वर्गावर होतो. अर्जुनी मोरगावच्या बसस्टँडमागे गाड्यांचं छोटं गॅरेज चालवणारा हा माझा शाळासोबती. सकाळी एका गाडीच्या बॉनेटखाली वाकला आणि तसाच खाली बसला, एवढंच शेजारच्या दुकानदारानं सांगितलं. फळ्यावरचं वाक्य अर्धं सोडून मी बाहेर पडलो. त्याला आता सात आठवडे झाले. तेरवीला लोक म्हणाले, सर, तुम्ही त्याचे सर्वांत जुने मित्र, दोन शब्द बोला. मी बोललो नाही. जे बोलायला हवं होतं ते चारचौघांत बोलायची माझी छाती झाली नाही... म्हणून इथं लिहितो आहे.

माझ्याकडे एक जुनी पेट्रोल गाडी होती, कार्बोरेटर जाऊन कंप्युटरवर चालणारं फ्युएल इंजेक्शन आलं त्या सुरुवातीच्या काळातली. एका दिवाळीनंतर ती तापली की बंद पडायची आणि लवकर सुरू व्हायची नाही. हेमराजकडे नेली. तो आधी हात लावायचा नाही. मला चावी फिरवून सेल मारायला लावला, ऐकत राहिला, मग मागे जाऊन सायलेन्सरचा वास घेतला. "पेट्रोल येत नाही असं नाही, लय येऊन राहिलं. इंजिन बुडालं हाय." त्यानं प्लग काढून दाखवले, काळे आणि ओलेचिंब. आणखी अर्ध्या तासात मूळ सापडलं. इंजिन किती तापलं हे सांगणारा सेन्सर बिघडला होता. "इंजिन गरम झालं तरी हा म्हणते थंडं हाय. मंग कंपुटर पेट्रोल ओतत राह्यते. बदलून टाकू, गोंदियावरून मागवतो." मी म्हटलं, पेपर तपासून होऊ देत, मग गाडी सोडतो तुझ्याकडे. "बरं. पण तोवर गरम गाडी बंद नको करू. अन् बुडालीच तर एक्सलेटरचं पेडल पूरं खाली दाबून धर, मंग सेल मार. पेट्रोल तुटते."

त्यानंतर बाराव्या दिवशी दुपारी माझ्या आईच्या छातीत दुखायला लागलं. तिला मागच्या सीटवर बायकोच्या मांडीवर निजवून मी गोंदियाला निघालो. नवेगावबांध ओलांडल्यावर आईला मळमळलं. मी गाडी कडेला घेतली आणि सवयीनं चावी बंद केली.

मग गाडी सुरू होईना. हेमराजचं सांगणं तेव्हा डोक्यात उरलंच नव्हतं. सेलवर सेल मारत राहिलो, पेट्रोलचा वास दाटला, बॅटरी बसली. दोन गाड्यांना हात केला, थांबल्या नाहीत. शेवटी त्याला फोन लावला. मोटारसायकलला बॅटरी बांधून तो आला. प्लग काढले, तसाच सेल मारून आतलं पेट्रोल बाहेर उडवलं, प्लग पुसून बसवले, आणि गाडी काळा धूर सोडत सुरू झाली. "तू मागं माईपाशी बस. मी चालवतो." वाटेत आई माझ्याकडे पाहत होती. दवाखान्याच्या दारात ती गेली. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी घरात माणसं बसली होती. माझ्या मोठ्या काकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "गाडी हेमराजनंच पाह्यली होती ना?" हेमराज उंबऱ्याशी बसला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. तो म्हणाला, "हो जी. माझ्यानंच राह्यलं."

आमच्या भावकीतल्या गाड्या त्यानंतर त्याच्याकडे गेल्या नाहीत. मी जात राहिलो. सेन्सर त्यानं स्वतः आणून बसवला. पुढच्या नऊ वर्षांत तीन-चारदा मी त्या विषयापाशी आलो, दर वेळी तो म्हणायचा, "चहा घे." आणि मी चहा घेतला. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं व्हायचं.

मागच्या आठवड्यात हेमराजच्या बायकोला, वहिनींना, भेटून सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही.

"माहीत हाय मले, भाऊजी. त्याच दिवशी सांगतलं होतं त्यायनं."

"मग तुम्ही कधी काऊन नाही बोललात?"

"त्यायनं बोलू देलं नाही. म्हणत, त्याची माय गेली, तेवढं पुरे हाय त्याले." मग सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "मले वाटे, तुम्ही याल एखाद दिवशी. ते असताना याल."

मी उठलो. तेव्हा त्यांनी सांगितलं, त्या अजून रोज आठ वाजता गॅरेजचं शटर वर करतात. आत झाडतात, ओल्या फडक्यानं नटबोल्टचे पाने पुसून मापाप्रमाणे भिंतीवर लावतात आणि स्टुलावर बसतात. माहीत नसलेला कुणी गाडी घेऊन येतो, मिस्त्री कुठं म्हणून विचारतो. त्या त्याला दुसऱ्या गॅरेजचा रस्ता दाखवतात. दुपारी शटर खाली ओढून घरी येतात.