डाव्या बाजूचा बल्ब

आमच्या गावच्या घरी माशांची टाकी आहे आणि तिच्यातला डावा बल्ब टिकत नाही. उजवा टिकतो.

मी साताऱ्याच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. कारखान्यातल्या भल्याभल्या मोटारी मी वठणीवर आणल्यात. (हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे याचा काडीचाही उपयोग झालेला नाही.)

टाकी आईसाठी आणली होती. ती अंथरुणाला खिळली तेव्हा तिला पडल्या पडल्या काहीतरी हलतं दिसावं म्हणून. मग आई गेली, आणि तासगावजवळच्या त्या घरात मासे आणि माझे वडील, आबा, एवढेच उरले. आबा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. संध्याकाळी टाकीत दोन्हीकडे उजेड झाल्याशिवाय ते ताटावर बसत नाहीत. त्यामुळे बल्ब गेला की मला लगेच फोन.

"डावा शहीद झाला. उजवा ड्यूटीवर हाय."

"आबा, मागच्याच रविवारी बदलला की."

"व्होल्टेज रं. रानातल्या मोटारी बंद झाल्या की चढतं."

"व्होल्टेजनं एकटा डावाच कसा जाईल? दोन्ही एकाच वायरवर आहेत."

"फौजेत बी दोघं शेजारीच उभं असत्यात. गोळी एकालाच लागती."

रविवारी मी हत्यारांची पेटी घेऊन गावी गेलो.

मी होल्डर बदलला. बल्ब गेला. सगळी वायर नवी ओढली. बल्ब गेला. मग फ्रिजला लावतात तसला स्टॅबिलायझर आणला. तो असा घुमायला लागला, की मासे टाकीतल्या दगडामागे जाऊन बसले. शेवटी माझा संशय अर्थिंगवर गेला. परसात खड्डा खणून त्यात कोळसा आणि मीठ भरलं. शेजारचे तात्या दर खेपेला खुर्ची टाकून बघायला बसायचे, ते म्हणाले, "अशी अर्थिंग गावात कुणाची न्हाई." बल्ब आठवड्यात गेला. त्या मिठानं आईनं लावलेला कढीपत्ताही वाळला.

"दिवा तर लागंना," आबा म्हणाले, "आन आता फोडणीचा बी वास गेला."

मला वाईट वाटलं. त्यांना माझ्याहून जास्त वाटलं असणार, पण ते वाळलेल्या झाडालाही रोज पाणी घालत राहिले.

घोटाळा असा, की मी गावी आलो की टाकी अगदी शहाण्यासारखी वागायची. दोन्ही बल्ब झकास. मी संध्याकाळपर्यंत थांबायचो, छाती फुगवून साताऱ्याला परतायचो, आणि पाठोपाठ फोन यायचा.

एकदा कंपनीच्या कामानं सांगलीला गेलो होतो. परतताना न सांगताच घरी गेलो. आबा अंगणात होते. आत टाकीत दोन्ही बल्ब चालू होते आणि टाकीच्या झाकणावर आईनं विणलेलं क्रोशाचं कव्हर होतं.

आता आमच्या घरात कव्हराचं कौतुक कुणाला? आईनं टीव्हीला विणलं, मिक्सरला विणलं, गॅसच्या सिलिंडरलाही विणलं. घरात कव्हर नसलेले फक्त आबा. पण टाकीवरचं हे मी पहिल्यांदा बघत होतो. हात ठेवला. डावीकडे तव्यावरची भाकरी परवडली. उजवीकडे गार.

कव्हर उजवीकडे पोचतच नव्हतं. मध्येच संपलं होतं. शेवटच्या टाक्यात सुई तशीच अडकवलेली होती. झाकणाची हवेची भोकं डावीकडे झाकली गेली होती आणि उजवीकडे उघडी होती, कारण तिथवर विणायला आई राहिली नाही.

मी सुईकडे बोट नेलं.

आबा आत आले. मला बघून गडबडले, आणि आधी दोन्ही हातांनी कव्हर उचलून घेतलं.

"तुझं हात तेलकट असत्यात," ते म्हणाले. "म्हणून तू यायच्या आदी काढून ठेवतो."

"आणि मी गेल्यावर?"

"घालतो की. तिनं पडल्या पडल्या माप घेतलं हुतं. दवाखान्यात न्यायच्या दिवशी बी हातात हेच हुतं." त्यांनी सुईला बोट लावलं नाही. "सुई काढली तर उसवंल रं."

बोलायचं वाक्य सोपं होतं. कंपनीत मी ते पाटीवर रंगवून घेतलंय : हवेचा मार्ग झाकू नये.

"मग?" आबांनी विचारलं. "घावलं का कारण?"

ते कव्हर छातीशी धरून उभे होते.

"व्होल्टेज," मी म्हणालो.

"मी कवाचा बोंबलतोय."

आता मी दुकानातला सगळ्यात कमी वॅटचा बल्ब आणतो, तो जरा जास्त दिवस काढतो. गावी जायच्या आधी फोन करतो, म्हणजे त्यांना कव्हर काढून ठेवता येतं. बल्ब बसवतो, उगीच इकडेतिकडे टेस्टर लावतो, आणि निघतो. परवा चप्पल घालताना ऐकलं, आबा तात्यांना सांगत होते :

"पोरगं कंपनीत साहेब हाय, पर बलबाच्या बाबतीत कच्चं ऱ्हायलं बगा."