वर्लीनची डांबरातली तीन वर्षं

तरुणपणी सरकारी कामावर गाळलेला घाम म्हातारपणी पैसे भरून पेन्शनला जोडून घेता येतो, हे तुम्हाला कधी कुणी आपणहून सांगितलंय का? नाही ना? वर्लीन स्टिडहॅमलाही कुणी सांगितलं नव्हतं. केंटकीच्या आमच्या या डोंगराळ भागात, शाळेच्या स्वयंपाकघरात तिने चोवीस वर्षं राजमा शिजवला आणि मक्याचा पाव भाजला. गुडघे पार कामातून गेले. पण पूर्ण पेन्शन आणि दवापाणी हवं असेल तर सत्तावीस वर्षं भरायला लागतात. आमच्या युनियनच्या खोलीवर ती आली होती ती फक्त उभं राहायला मऊ चटई मागायला.

मी विचारलं, याआधी कुठे होतीस? तिने आढेवेढे घेतले. मग म्हणाली, लग्नाआधी तीन वर्षं कौंटीच्या रस्त्यांवर डांबर ओढत होते, पण ते काही धरत नाहीत. मी टेबलावर अशी मूठ आपटली की कॉफी सांडली. धरत नाहीत कसे? तेव्हा कौंटी, म्हणजे आपला जिल्हा, पेन्शन योजनेत नव्हता, नंतर आला. म्हणजे ती तीन वर्षं आता विकत घेता येतात. नवऱ्याने त्यासाठी मासे धरायची होडी विकली. आठवडाभर धुसफुसत होता, पण विकली.

आता अडलं पुराव्यापाशी. कौंटीची जुनी दप्तरं पुरात कुजून गेली होती. पेन्शनवाले म्हणाले, मग सोबत काम केलेली दोन माणसं आणा, त्यांच्याकडून शपथेवर लिहून घ्या. मी वर्लीनला नावं विचारली. ती म्हणाली, “बेडूक होता, पाद्री होता, आणि एक उलटा जॉन.”

“अगं बाई, नावं सांग!”

“हीच की.”

रस्त्याच्या टोळीची रीतच ती. पहिल्याच दिवशी बारसं होतं आणि आईबापांनी ठेवलेलं नाव गेटाबाहेर राहतं. आता फोनच्या वहीत बेडूक कुठे शोधायचा? शेवटी चर्चमधल्या एका म्हातारीकडून तिघांचाही पत्ता लागला. बेडूक मिशिगनला होता. तो वर्लीनच्याच चर्चचा; तिथेही त्याला सगळे बेडूकच म्हणायचे, पण तिला तो लहानपणापासून नावानिशी ओळखायचा. त्याने सही करून टपालाने पाठवली. जॉन कधीच मातीआड गेला होता. उरला पाद्री, म्हणजे टोळीचा मुकादम ऑडी नेपियर. तो नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात होता.

नोटरीचा परवाना आणि शिक्का मी स्वतःच काढलाय. आमच्या लोकांना नोटरीच्या सहीसाठी बँकेच्या दारात ताटकळत ठेवलेलं मला खपत नाही. पण नोटरीने साक्षीदाराच्या तोंडात शब्द घालायचे नसतात, आणि गप्प बसणं मला कधी जमलेलं नाही.

वृद्धाश्रमात वर्लीन चर्चला जायचा रविवारचा झगा घालून आली होती. हात पुढे करून अदबीने म्हणाली, “नमस्कार, मिस्टर नेपियर. मी वर्लीन. तेव्हाची वर्लीन फ्यूगेट.”

म्हाताऱ्याने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “या नावाची बाई माझ्या टोळीत नव्हती.”

वर्लीनचा चेहरा उतरला. मी म्हटलं, नीट आठवा. तो माझ्यावरच उखडला. म्हणाला, मी चर्चचा मानकरी, डीकन आहे, पेन्शनपायी कुणासाठी खोटी शपथ घेणार नाही, आणि तुम्ही युनियनवाले सगळे सारखेच. माझं डोकं भडकलं. मी शिक्का खिशात घालून उठलोच होतो. तेवढ्यात तो पुटपुटला, “आख्ख्या टोळीत बाई एकच होती. ती काही अशी मिस्टर-बिस्टर म्हणणारी नव्हती. तवा म्हणायचो आम्ही तिला. गरम डांबरावर तवा ठेवून अंडी तळायची.”

वर्लीन खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. शाळेतल्या पोरींना कळू नये म्हणून हे नाव तिने जन्मभर लपवून ठेवलं होतं. आणि मुकादमाने तिचं खरं नाव कधी विचारलंच नव्हतं.

“मग ती अंडी खायचं कोण रे, पाद्र्या?” ती म्हणाली. “आणि शिंकताना तुझी कवळी डांबरात पडली, तेव्हा कुत्र्याने पळवली म्हणून बायकोला कुणी सांगितलं? मीच ना?”

म्हाताऱ्याने चटकन दाराकडे पाहिलं. नर्स ऐकत होती. “अगं तवा, हळू बोल,” तो म्हणाला. “आण तो कागद.”

पण शपथ म्हणजे शपथ, त्याच्या ओळखीचं ते नाव कागदावर हवंच. त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘वर्लीन, जिला आम्ही तवा म्हणायचो, ती माझ्या हाताखाली तीन वर्षं होती आणि कुणाही गड्याइतकं डांबर ओढायची.’ मी शिक्का मारला. मग दोघं जेवणाच्या घंटेपर्यंत गेलेल्या गड्यांच्या उखाळ्यापाखाळ्या काढत बसली.

पेन्शनवाल्यांनी ती वर्षं मान्य केली. जूनमध्ये उन्हाळ्याच्या सुट्टीला शाळा सुटली, तशी वर्लीनही पूर्ण पेन्शन घेऊन सुटली.

आज तुम्ही ज्याच्या शेजारी उभे राहून राबताय, त्याला उद्याच त्याचं पूर्ण नाव विचारा, आणि तुमचंही सांगून ठेवा.