ताईचा आवाज माझ्या यंत्रात

ताई लग्न होऊन वडनेरला गेली आणि आमचं एकत्र गाणं थांबलं. ती गायची, मी पेटी वाजवायचो. पुष्कळ वर्षांनी मी बुलढाण्याच्या घरी रेकॉर्डिंगचं छोटं यंत्र घेतलं आणि तिला म्हणालो, "तू तिकडे मोबाइलवर गा, मी इकडे पेटी जोडतो."

तिनं भजन पाठवलं. मी ते मेमरी कार्डावर टाकून यंत्रात घातलं, तर फाइल दिसेचना. यंत्राला फक्त वेव्ह फाइल चालायची, मोबाइलची वेगळ्याच प्रकारची होती. कॉम्प्युटरवर ती बदलून घेतली. आता आवाज आला, पण जड आणि रेंगाळलेला. मी तो फोनवरच ताईला ऐकवला.

"हा काई माहा आवाज नाई," ती म्हणाली. "कोण्या म्हाताऱ्या बुवाचा हाय!"

आम्ही दोघंही खूप हसलो, पण मी मनातून खट्टू झालो होतो. दोन दिवस खटपट केल्यावर उमगलं. मोबाइल दर सेकंदाला आवाजाचे अठ्ठेचाळीस हजार नमुने घेत होता, माझं यंत्र चव्वेचाळीस हजार शंभरच धरून चालत होतं, म्हणून गाणं हळू पडत होतं. फाइल त्या मापाची केली आणि ताईचा धारदार आवाज खोलीभर झाला. त्याच दुपारी मी तिच्या सुराला पेटी जोडली.

पूर्ण भजन ताईनं शेतात वांगी तोडता तोडता फोनवर ऐकलं.

"एवढे वांगे तोडू दे मले," मग ती म्हणाली, "मंग दुसरं म्हणू."