मैत्रिणीसाठी पिस्तूल

गेल्या गुरुवारी सकाळी इथे अमेरिकेत, चँडलर शहरातल्या आमच्या नेहमीच्या शूटिंग रेंजवर गेले, तेव्हा काय खोटं बोलायचं ते गाडीतच ठरवून टाकलं होतं...

नेमबाजीचं वेड मला कॉलेजात, एनसीसीत लागलं. पालथं पडायचं, रायफलच्या लाकडाला गाल टेकवायचा, अर्धा श्वास सोडून थांबायचं... त्या थांबण्यात काय होतं कोण जाणे. आमच्या कॉन्व्हेंटच्या चॅपलमध्ये दुपारी कोणी नसताना असायची, तशी शांतता त्यात होती.

पुढे लग्न, अमेरिका, मुलं. मुलं घराबाहेर पडली त्या वर्षी माझ्या वाढदिवसाला सुधीरने, म्हणजे नवऱ्याने, या रेंजची मेंबरशिप घेऊन दिली. तेव्हापासून दर गुरुवारी तासभर मी, माझं पिस्तूल आणि कागदावरची वर्तुळं. कानांवर आवाज अडवणारे मफ चढवले की सगळं जग पाण्याखाली गेल्यासारखं वाटतं... आपला श्वास तेवढा ऐकू येतो.

पण दोनेक वर्षांपासून संधिवाताने बोटं धरली. गोळी भरायला पिस्तुलाचा वरचा भाग, स्लाइड, जोर लावून मागे ओढावी लागते. मागच्या महिन्यात ती माझ्याच्याने ओढवेना, शेवटी रेंजवरच्या माणसाला हाक मारावी लागली. त्याने सहज ओढून दिली. मी हसून थँक यू म्हटलं आणि पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले.

हाताला झेपेल असं दुसरं पिस्तूल मिळालं तर ठीक, नाहीतर मेंबरशिप कॅन्सल... हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

रेंजच्याच दुकानात, काउंटरवर डोना होती. सत्तरीची, रुपेरी वेणी, गळ्यात दोरीला चष्मा. तिला म्हटलं, "माझ्या एका मैत्रिणीला आर्थ्रायटिस आहे. तिच्यासाठी बघतेय."

दुखतंय हे चारचौघांत सांगायचं नाही, ही आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर्सची शिकवण. घरी आईचंही तेच. इतकी वर्षं झाली, पण जीभ अजून वळत नाही.

"मग तिलाच घेऊन ये ना," डोना म्हणाली. "हे बुटांसारखं असतं. दुसऱ्याच्या मापाने कसं घेणार?"

"ती... लांब राहते."

त्या दिवशी सुधीरही सोबत आला होता. मागे बाकावर बसला होता, तो उगाचच खोकला.

मी सगळ्यात लहान, सगळ्यात हलकं पिस्तूल मागितलं. बोटं दुखायला लागल्यापासून घरात मी हेच करत आलेय. लोखंडी कढई गेली, जाड बुडाची पातेली गेली, पर्ससुद्धा कापडी झाली. हलकं ते सोपं, हा हिशेब इतका सरळ होता की त्यात चूक असेल असं मनातही आलं नाही.

तिथे पिस्तूल भाड्याने घेऊन आधी चालवून बघता येतं. ते इवलंसं पिस्तूल घेऊन मी लेनमध्ये, म्हणजे नेम धरायच्या कप्प्यात गेले. एकच गोळी झाडली... मनगटापासून कोपरापर्यंत कळ गेली. पिस्तूल खाली ठेवलं. संपलं, असंच वाटलं.

बाहेर आले तर सुधीर काउंटरपाशी उभा. मराठीत, अगदी हळू म्हणाला, "तुझी ती मैत्रीण फार हट्टी आहे. मी ओळख करून देऊ, का तू देतेस?"

मी दोन्ही हात काउंटरच्या काचेवर ठेवले. फुगलेले सांधे, वाकडी करंगळी, सगळं.

डोनाला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. अंगठ्याच्या बुडाशी हलकेच दाबून म्हणाली, "इथे?" मी मान हलवली. "मग हलकं कशाला मागितलंस? हलकं पिस्तूल सगळा धक्का तुझ्या हाताला देतं. जड असलं की बराचसा स्वतःच सोसतं."

तिने आतून एक स्टीलचं, चांगलं वजनदार पिस्तूल आणलं. बारीक गोळीचं, रुंद मुठीचं. स्लाइडची स्प्रिंग एकदम मऊ. स्लाइड चिमटीत धरून ओढायची नाही, अख्ख्या पंजाने धरायची आणि दुसऱ्या हाताने पिस्तूलच पुढे ढकलायचं... हेही तिने दाखवलं. पहिल्यांदा जमलं नाही. तिसऱ्यांदा जमलं.

मग लेनमध्ये परत तीच पाण्याखालची शांतता. अर्धा श्वास सोडला, थांबले... आणि पिस्तूल हातात नुसतं हललं, झोपेत कूस बदलल्यासारखं. पाच गोळ्या मारल्या. दोन वर्तुळाबाहेर गेल्या, एक जवळजवळ मधोमध. ते भोक मी बराच वेळ बघत राहिले.

मेंबरशिप आहे तशीच ठेवली. डोनाचे आभार मानले. आणि सुधीरचे... त्याचे मी कधी तोंडावर मानत नाही, म्हणून इथे लिहितेय.

घरी येताना तो गाडी चालवत होता. माझे हात मांडीवर उघडे, काचेतून येणाऱ्या उन्हात. थोडे दुखतच होते. पण कितीतरी दिवसांनी मी त्यांच्याकडे न रागावता बघितलं.