तांडेलाचं राज्य

दिगू गेल्याचा फोन आला तेव्हा मीच दिगू होतो. म्हणजे मालवणच्या बाजारात माझं जे कॉम्प्युटर टायपिंगचं आणि इंटरनेटचं दुकान आहे, तिथल्या तीन नंबरच्या खुर्चीत बसून मी दिगूच्या नावाने, दिगूचा पासवर्ड टाकून, दिगूच्या राज्यातल्या गावांना धान्य पाठवत होतो. सकाळचे अकरा वाजले असतील. बंदरावरून त्याचा चुलतभाऊ बोलत होता. ट्रॉलरवर छातीत कळ आली, बोट वळवून आणेपर्यंत सगळं संपलं... मी फोन ठेवला आणि समोर पाहिलं. पडद्यावर दिगूच्या नावापुढे हिरवा ठिपका पेटलेला होता. माणूस खेळात हजर असला की तो ठिपका पेटतो.

दिगू ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख होता. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे तो दर्यात गेला आणि मी खुर्चीत. चार वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात, बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असताना, तो वेळ घालवायला दुकानात येऊ लागला आणि या खेळात अडकला. खेळ साधा आहे. प्रत्येकाचं एक गाव, चाळीसपन्नास गावांचं एक राज्य, आणि राज्याराज्यांत लढाया, तह, फितुरी. समोरचा माणूस परभणीचा असेल नाहीतर पोलंडचा. दिसत कुणीच नाही. दिगूने आपल्या राज्याचं नाव ठेवलं 'दर्या' आणि वर्षभरात लोकांनी त्याला राजा केलं. एका बोटाने टाइप करणारा राजा! पण तो शब्द मोडायचा नाही, आणि त्या खेळात ही गोष्ट हत्तीएवढी मोठी. बोटीवर गेला की चारचार दिवस परतायचा नाही, तेव्हा राज्य माझ्या हवाली असायचं. "मास्तर, सांभाळ रे," एवढंच सांगून जायचा. टायपिंग शिकवतो म्हणून मी मास्तर.

आमचा जुना वैरी, शेजारच्या राज्याचा राजा, 'किल्लेदार' या नावाने खेळायचा. तो परभणीकडचा शाळामास्तर. त्याच्याशी आमची सीमेवरून कायम झटापट चाललेली. एकदा दिगू दर्यात असताना किल्लेदाराचा निरोप आला, "वडील वारले. तेरा दिवस हल्ला करू नये, ही विनंती." मी वाचलं आणि हसलो. त्या खेळात वडील फार मरायचे. आमच्याच राज्यातल्या एकाचे तीनदा वारले होते. मला वाटलं, सैन्य जमवायला वेळ काढतोय. मी स्वतःला मोठा मुत्सद्दी समजत होतो ना! त्याच दुपारी सगळं सैन्य सोडलं आणि त्याची अकरा गावं जाळली. त्याच्या बाजूने एक शिपाईसुद्धा हलला नाही. तेव्हा तरी मला कळायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी दिगू बंदरावरून तडक दुकानात आला. अंगाला डिझेलचा वास, पायांत रेती. त्याने निरोप वाचला आणि नकाशा पाहिला. "तो खोटा बोलता, ह्या तुका कोणी सांगल्यान?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "खरा तरी कशावरसून?"

"मयत सांगल्यान ना? मगे इचारूचा नसता. आमच्या वाड्यात कोणय गेलो तर त्या दिसा एकव होडी सुटत नाय. मगे तो वैरी कित्याक असाना."

आवाज चढवला नाही त्याने. चढवला असता तर बरं झालं असतं. मग पडदा माझ्यापासून वळवून घेतला आणि तासभर एका बोटाने किल्लेदाराला काहीतरी लिहीत बसला. काय लिहिलं ते त्याने दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी किल्लेदाराने तह केला. माझ्या दराऱ्याने केला, असं मी मनाशी ठरवून टाकलं. पुढच्या फेरीला निघताना दिगू नेहमीसारखाच म्हणाला, "मास्तर, सांभाळ रे." पासवर्डही बदलला नव्हता. माफी मागायला मी तोंड उघडलं आणि त्याला चहा विचारला. ती माफी तशीच राहिली, आज सांगतो, उद्या सांगतो करत. आता कुणाला सांगू?

दिगूला पोहोचवून आलो आणि दुसऱ्या दिवशी माझ्या स्वतःच्या नावाने सगळ्या राज्यांना कळवलं, 'दर्या'चा राजा वारला. उत्तरं येऊ लागली. पहिलंच होतं, "कितव्यांदा?" खाली आणखी दोघे हसले होते. मी कुणावर रागावणार? पेरलं तेच उगवलं. किल्लेदाराचं उत्तर मात्र आलं नाही. तीन नंबरचा कॉम्प्युटर मी बंद केला, वर कापड टाकलं आणि दिगूच्या नावाने पुन्हा आत जायचं नाही असं ठरवलं.

चौथ्या दिवशी दुपारी गल्ल्याजवळच्या माझ्या कॉम्प्युटरवर सहज यादी उघडली, तर दिगूच्या नावापुढे हिरवा ठिपका. मी खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी, कापड जसंच्या तसं. पासवर्ड त्याला आणि मला, आणखी कुणालाच ठाऊक नव्हता. पाचेक मिनिटांनी ठिपका विझला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा पेटला, पुन्हा विझला. लपवत नाही, मी घाबरलो. दुपारी दुकानात एकटा बसेनासा झालो. शिकायला येणाऱ्या मुलींना उगाच जास्तीचे उतारे टाइप करायला लावून थांबवून घ्यायचो. शेवटी दिगूच्या आईला सांगितलं. ती बाजारात मासे विकते. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "येतत रे बाबा. तेरा दिस येतत, आपला काय रवला ता बघून जातत." मला ते पटलं, कारण पटायला हवं होतं. तेरावा झाला. चौदाव्या दिवशी ठिपका पुन्हा पेटला.

मग मात्र धीर करून मी दिगूच्याच नावावर निरोप पाठवला, "कोण?" उत्तर आलं ते किल्लेदाराच्या नावाने.

"घाबरवलं असेल तर क्षमा करा. तीन दिवस कुणी उघडलं नाही तर खेळ राज्य पुसून टाकतो, म्हणून मधल्या सुट्टीत उघडून ठेवतो. आपला निरोप मिळाला त्या दिवसापासून तेरा दिवस आमच्याकडून कुणावरही सैन्य सोडलं नाही. तुमच्याकडे होडी सुटत नाही, असं त्यांनी लिहिलं होतं." त्याखाली दिगूचं ते तासभर लिहिलेलं पत्र त्याने जसंच्या तसं उतरवलं होतं. "आपले वडील गेले त्याचे दुःख आहे. आमच्याकडे कोणी गेले तर त्या दिवशी एकही होडी सुटत नाही. आमच्याकडून मोठी चूक झाली. केली तो माझा मित्र आहे. माणूस वायट नाय, भित्रा आहे. राज्य पुढेही त्याच्याच हातात असणार. म्हणून माझा पासवर्ड खाली देतो. तो परत असा वागला तर आत येऊन माझे सगळे जाळून टाका. पण त्याला हे सांगू नका, रडत बसेल."

अडीच वर्षं आमच्या वैऱ्याकडे आमच्या दाराची चावी होती आणि त्याने एक काडी ओढली नव्हती. मला ठाऊक नसताना माझ्या भरवशावर दिगूने सगळं राज्य गहाण टाकलं होतं, आणि मी प्रत्येक फेरीला त्या खुर्चीत ऐटीत बसत होतो. दिगूचं खरं ठरलं. रडत बसलो.

त्यानंतर दुपारी ठिपका पेटला की भीती वाटेना. दिगूची आई बाजार उरकला की माशांची रिकामी पाटी घेऊन पायरीवर टेकते आणि विचारते, "पेटलो?" मी मान हलवतो, मग ती घरी जाते. कोण पेटवतो ते तिला सांगितलंय. तिच्या विचारण्यात फरक पडलेला नाही.

गेल्या आठवड्यात किल्लेदाराने कळवलं, "भाचीच्या लग्नाला चाललो आहे. चार दिवस त्यांचं राज्य आपण सांभाळाल का?"

मी तीन नंबरवरचं कापड काढलं. खुर्चीत बसलो, पासवर्ड टाकला, पायरीवर बसलेल्या दिगूच्या आईला हाक मारून सांगितलं, आज मीच पेटवतो. ठिपका पेटला. मग दिगूसारखंच एका बोटाने, सावकाश, खाली माझं नाव घालून किल्लेदाराला लिहिलं, "तुमच्या वडिलांचं नाव काय होतं? तेव्हा विचारायचं राहून गेलं."