हळदीला फक्त आवाज

"सरकाव ते दांडकं. मन्हा आवाज गल्लीले पुरस." माईक बाजूला ढकलायचा, डावा तळहात कानावर ठेवायचा आणि सुरू. धुळ्यातल्या माझ्या खुराड्याएवढ्या स्टुडिओत अक्कांचं दर वेळी हेच. मी माईक हळूच पुढे सरकवायचो, त्या पुन्हा ढकलायच्या. निम्मा दिवस ह्या भांडणातच जायचा.

तुम्ही आमच्या खानदेशातले असाल, तर तुमच्या हळदीला अक्का गायल्या असणारच. एरंडोल काय, पहूर काय, मांडव पडला की कर्ण्यावर त्याच. फक्त आवाज हं. बाईला कोणी बोलवायचं नाही. बाविसाव्या वर्षी नवरा गेला, आणि विधवा हळदीच्या मांडवात चालत नाही. आवाज चालतो. यात काही चुकतंय असं कोणाला वाटलं नाही. मलाही नाही, उगाच मोठेपणा कशाला घेऊ!

मग पुण्याच्या एका दिग्दर्शकाने अक्कांच्या आयुष्यावर सिनेमा काढायचं ठरवलं. अक्कांची अट एकच. "हयदनं गानं मीच म्हनसू. मांडोमा उभी राहीसन." हळदीचं गाणं मांडवात उभं राहून, चाळीस वर्षांत पहिल्यांदा! तो म्हणाला, "अहो, तोच तर सिनेमा आहे." साठी उलटलेली बाई, पण पोरीसारखी हरखली. महिनाभर रोज सकाळी घसा तयार करत होती.

शूटिंग धुळ्यातच, देवपुरात होतं; आवाजाचं काम माझ्याकडे. अक्का नवं लुगडं नेसून आल्या. मी आवाज तपासला, खणखणीत. त्यांना आतल्या खोलीत बसवलं. नवरी म्हणून गल्लीतलीच एक मुलगी घेतली होती. अक्का मांडवात उभ्या राहणार हे कळताच तिच्या आईने मुलीला दंडाला धरून उठवलं. "सिनेमा तुमचा खोटा असेल, हळद खरी आहे. पुढच्या महिन्यात लग्न आहे हिचं." बाकीच्या बायकाही उठल्या. दिग्दर्शकाने घड्याळ पाहिलं.

"जुनं रेकॉर्डिंग लावू," तो मला म्हणाला. "तुमचं ऐकतात त्या. सांगा काहीतरी."

मी आत गेलो. खरं सांगितलं तर बाईच्या जिव्हारी लागेल, असं वाटलं. म्हणून शहाणपणा केला.

"अक्का, आवाज बसलाय तुमचा. जुनंच रेकॉर्डिंग लावताहेत."

"बसना?"

"वरच्या पट्टीत फाटतोय."

त्या भांडल्या नाहीत. माझ्या माईकवर नसला, तरी माझ्या कानावर त्यांचा पुरा विश्वास होता. मांडवाबाहेर बसण्याचा अपमान त्यांनी चाळीस वर्षं पचवला होता, आणखी एकदा पचवला असता. हे नाही पचलं. मी गाढव, मला तेवढंही कळलं नाही!

सिनेमा चालला. धुळ्यातल्या खेळाला तीच नवरीची आई डोळ्यांना पदर लावून बसली होती. "काय सोसलं हो बाईने," मला म्हणाली.

गेल्या वर्षी अक्का गेल्या. दहाव्यानंतर भेटायला गेलो, तर सून सांगत होती, "शूटिंगहून आल्या त्या दिवसापासून साधं गुणगुणल्यासुद्धा नाहीत, भाऊ. नातीला झोपवायचं तर मोबाइलवर स्वतःचंच गाणं लावायच्या आणि ओठ मिटून झोका द्यायच्या."

तिने चहा पुढे केला. "एक विचारू? आवाज खरंच गेला होता का हो त्यांचा?"

मी कपाकडे बघत म्हणालो, "हो."